पालखेडचा वॉरगेम: निजाम औरंगाबादेतून हलतच नसेल तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दादर, ठाणे आणि डोंबिवलीतल्या तुम्ही पाच मित्रांनी बाजीरावांच्या १७२७-२८ च्या पालखेड मोहिमेवर टेबलावर खेळायचा वॉरगेम बनवलाय. नकाशा हेक्सचा, म्हणजे षटकोनी घरांचा; काउंटर, म्हणजे फौजांच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, चारशेच्या आसपास; लढाईची टेबलं, म्हणजे फाशावरून निकाल काढायचे तक्ते, पानंच्या पानं. पण प्रत्येक खेळ एकाच वळणावर जातो. निजाम खेळणारा औरंगाबादेत तोफखाना मांडून बसतो, बाजीराव खेळणारा वाट पाहून पाहून शेवटी अंगावर जातो आणि तोफांपुढे मोडतो. पुणं कुणी घेत नाही, गुजरातेत कुणी उतरत नाही, पालखेडला तर कुणी पोचतच नाही. शिवाय काउंटर काढून मिनिएचर, म्हणजे शिपायांचे छोटे पुतळे, आणावेत का, हेही तुम्ही विचारलंय.

तुमचा निजाम अगदी बरोबर खेळतोय. तुमच्या नियमांप्रमाणे औरंगाबादेत बसून राहण्यात त्याचं काहीच जात नाही, मग तो कशाला हलेल? मोहिमेवरचा खेळ बनवताना पहिला प्रश्न ‘लढाई कोण जिंकतं’ हा धरायचा नसतो. ‘फौज जागेवरून का हलते’ हा धरायचा असतो. त्याचं उत्तर नियमांत नसेल तर लढाईची टेबलं कितीही बारकाईने केली तरी खेळ जागेवरच बसणार. पालखेडच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे, कारण या मोहिमेत मैदानी लढाई जवळजवळ झालीच नाही. नोव्हेंबर १७२७ च्या सुरुवातीला जालन्याजवळ निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी एक चकमक झाली, ती सोडली तर चार महिने नुसती पळापळ चाललीय. शेवटही कोंडी करून झाला, कत्तल होऊन नाही.

आधी प्रत्यक्ष काय घडलं ते समोर ठेवू, कारण नियम त्यातूनच निघणार आहेत. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला दख्खनचा मोगल सुभेदार मुबारिजखान याला हरवून निजाम-उल-मुल्क दख्खनचा धनी झाला. चौथाई-सरदेशमुखी द्यायची वेळ आली तेव्हा त्याने साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्या वादाचा आडोसा घेतला. खरा हक्कदार कोण ते ठरेपर्यंत वसुली थांबवायची, अशी त्याची भूमिका. चंद्रसेन जाधव आणि रावरंभा निंबाळकर यांच्यासारखे मराठे सरदार त्याच्याकडे होतेच. पावसाळा सरल्यावर बाजीराव जालना-सिंदखेडच्या मुलखात शिरले, तिथून पूर्वेला माहूर, मंगरूळ, वाशीमकडे गेले, मग एकदम वायव्येला वळून बुऱ्हाणपूरच्या रोखाने निघाले. निजाम बुऱ्हाणपूर वाचवायला धावला. तोवर बाजीराव तापी ओलांडून गुजरातेत उतरलेले. पाठलाग करून हाती काही लागत नाही हे पाहून निजामाने पुण्याची वाट धरली, पुणं घेतलं आणि संभाजींना पुढे केलं. बाजीराव पुणं सोडवायला आले नाहीत. ते फेब्रुवारी १७२८ च्या मध्याला खानदेशात आले आणि औरंगाबादेच्या अंगावर निघाले. निजामाला परत फिरावं लागलं. वेगाने जाता यावं म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या, गोदावरी ओलांडली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीला पालखेडजवळ पाणी आणि दाणावैरण तुटलेल्या अवस्थेत सापडला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला.

जाता जाता एक सांगतो, कारण ही गफलत फार जण करतात. हे पालखेड वैजापूरकडचं, औरंगाबादच्या पश्चिमेचं. नाशिक जिल्ह्यातलं धरणाचं पालखेड वेगळं. तुमच्या नकाशाच्या फोटोत पालखेडचा हेक्स नाशिकला चिकटलेला दिसतोय. तो पूर्वेला सरकवा, नाहीतर निजाम गोदावरी ओलांडून औरंगाबादेकडे निघालाय याचा अर्थच लागत नाही.

आता निजामाला हलवायचं कसं ते पाहू.

माझ्या खेळात निजामाला एक ‘पत’ पट्टी असते, वीसपासून शून्यापर्यंत. मराठ्यांनी त्याच्या एखाद्या परगण्यातून खंडणी काढली आणि त्याची मुख्य फौज तिथून चार हेक्सच्या आत नसली, की त्या चालीला पत एकाने उतरते. जालना, बुऱ्हाणपूर, औरंगाबाद अशी श्रीमंत ठिकाणं असतील तर दोनाने. पत बाराच्या खाली गेली की दर चालीला एक फासा टाकायचा, आणि आकडा वाईट पडला तर निजामाचा एक सरदार आपली जहागीर वाचवायला फौज घेऊन निघून जातो. हा नियम मनचा नाही. त्या काळातला मनसबदार पोटाला आपल्या जहागिरीवर अवलंबून असायचा. जहागिरीतला वसूल दुसराच घेऊन जात असताना तो मालकाच्या छावणीत महिनोन् महिने बसत नसे. औरंगाबादेत तोफा मांडून बसलेला निजाम या पट्टीवर सहा-सात चालींत एवढा उतरतो की त्याला बाहेर पडावंच लागतं.

उलट बाजूने बाजीरावांनाही मोकळं सोडू नका. त्यांच्याकडे ‘शाहू महाराजांचा भरवसा’ ही दुसरी पट्टी द्या, बारापासून शून्यापर्यंत. पुणं गेलं की तीन उतरतात. निजामाची फौज साताऱ्यापासून पाच हेक्सच्या आत असेल तर दर चालीला आणखी एक. शून्यावर आली की दरबाराकडून परतीचा हुकूम सुटतो आणि खेळ निजामाने जिंकला. पुणं घेतल्यावर निजामाची पत तीनने वाढते, संभाजींना पुढे केलं तर एकदाच आणखी दोनने. या आकड्यांमुळे निजामाला पुण्याला जाणं हा शहाणपणाचा डाव वाटतो, आणि तो होताही. इतिहास वाचलेला खेळाडूसुद्धा ‘पुण्याला गेलं की फसतो’ हे माहीत असून जातो, कारण पतीची घसरण थांबवायला त्याच्यापुढे दुसरा सोपा रस्ता नसतो. इतिहास माहीत असलेल्या खेळाडूची अडचण सगळ्याच ऐतिहासिक खेळांत असते. त्याला विसरायला लावता येत नाही. पण त्या माणसावर जो दाब होता तोच दाब त्याच्यावर आणता येतो.

दुसरी गोष्ट माहितीची. तुमच्या टेबलावर दोघांनाही सगळा नकाशा दिसतो. मग बाजीराव माहूरहून वळले की निजामाला त्याच क्षणी कळतं. तसं असेल तर ही मोहीम होऊच शकत नाही. यावर उपाय फार जुना आहे. प्रशियात १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने लष्करापुढे ठेवलेल्या ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळात दोन्ही बाजू आपापले हुकूम अंपायरला देत, आणि दिसेल तेवढंच अंपायर त्यांना सांगे. पुढे १९७० च्या दशकात कॅनडात लाकडी ठोकळ्यांचे खेळ निघाले. ठोकळा उभा ठेवायचा, आकडा आपल्याकडे आणि कोरी पाठ समोरच्याकडे. अंपायर मिळत नसेल तर ठोकळे पुरतात. त्यात प्रत्येकाला तीन-चार कोरे ठोकळेही द्या, ‘हूल’ म्हणून. पण पालखेडसाठी माझं मत विचाराल तर अंपायरच हवा.

मुंबईत ही सोय उलट सोपी आहे. आमच्या गटात अंपायरचं काम एक निवृत्त मोटरमन काका करतात. निजामाची बाजू एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर, मराठ्यांची दुसऱ्यावर, आणि काका दोन्हींत. त्यांच्याकडे चौकटीच्या वहीत प्रत्येक फौजेची एक ओळ असते: कुठून निघाली, कुठल्या उताराने नदी ओलांडली, मुक्काम कुठे. आठवडाभरात लोकलमध्ये उभ्या उभ्या खेळाडू एक-दोन चाली पाठवतात, आणि महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी नकाशा मांडून अटीतटीचा भाग खेळतो. पाच जणांना डोंबिवलीहून दादरला दर आठवड्याला जमणं शक्य नसतं, हे तुम्हीही अनुभवत असाल.

पत्रांना उशीर लावणं सगळ्यात महत्त्वाचं. जासूद दिवसाला साधारण चाळीस किलोमीटर जातो असं मी धरतो. वीस किलोमीटरचा हेक्स आणि पाच दिवसांची चाल असेल तर एका चालीत पत्र दहा हेक्स सरकतं. म्हणजे पुण्याहून छोटा उदेपूरच्या बाजूला निघालेल्या पत्राला दोन चाली सहज लागतात, घाट आणि नद्या धरून अडीच. मराठ्यांच्या बाजूने दोन खेळाडू ठेवा, एक बाजीराव आणि एक साताऱ्या-पुरंदराकडे असलेले चिमाजी अप्पा, आणि दोघांना एकमेकांशी अंपायरमार्फतच बोलू द्या. मागच्या हिवाळ्यात एका खेळात हे फार छान उतरलं. पुणं पडल्याचं चिमाजींचं पत्र काकांनी नियमाप्रमाणे दोन चाली दाबून ठेवलं होतं. ते बाजीराव खेळणाऱ्या मुलीच्या हातात पडलं तेव्हा ती तापीच्या उत्तरेला होती, आणि त्याच सकाळी तिने पूर्वेकडे वळायचा हुकूम देऊन टाकला होता. पत्रात शेवटी लिहिलेलं, ‘स्वामींनी तातडीने यावे.’ तिने पत्र दोनदा वाचलं, नकाशावर पुण्याचं अंतर मोजलं, आणि हुकूम तसाच ठेवला. पुण्याला पोचेपर्यंत निजाम तिथे असेलच कशावरून, एवढंच ती म्हणाली. तिच्यासमोर निजामाचा ठोकळाही नव्हता, फक्त दहा दिवसांपूर्वीचा एक कागद होता. ही परिस्थिती तुमच्या टेबलावर उभी राहिली की बाकीचे नियम थोडे कच्चे असले तरी चालतं.

तिसरी आणि माझ्या मते खेळाचा कणा असलेली गोष्ट म्हणजे तोफा. तुमच्याकडे निजामाच्या फौजेच्या काउंटरवर तोफांची ताकद मिळवून एकच आकडा छापलाय. तो वेगळा काढा. जड तोफखान्याचा स्वतंत्र काउंटर करा, बैलांसकट. मी धरलेले वेग असे: जड तोफा आणि बाजारबुणगे घेऊन चालणारी फौज दिवसाला दहा-बारा किलोमीटर, म्हणजे पाच दिवसांत जेमतेम तीन हेक्स. तोफा सोडलेली निजामाची फौज दिवसाला वीस-बावीस, म्हणजे पाच हेक्स. मराठ्यांची सडी फौज दिवसाला तीस, म्हणजे सात हेक्स, आणि लांब मजला मारल्या तर दहा, पण मग पुढच्या चालीला घोडी दमलेली.

आता पुणं ते औरंगाबाद अंतर बघा, सुमारे २३५ किलोमीटर, म्हणजे बारा हेक्स. तोफांसकट चार चाली, वीस दिवस. तोफांशिवाय अडीच चाली. आणि खानदेशातून औरंगाबादेवर येणाऱ्या मराठ्यांना एक-दीड चाल. निजामाचा खेळाडू पुण्यात बसलेला असताना अंपायर त्याला सांगतो की खानदेशात मराठ्यांची धूळ दिसली, तेव्हा त्याच्यापुढे हेच गणित असतं. तोफा घेऊन निघालो तर औरंगाबाद जाईल. तोफा ठेवून निघालो तर वाटेत उघड्यावर सापडेन. दोन्ही वाटा वाईट आहेत आणि निवड त्याचीच आहे. प्रत्यक्षातल्या निजामाने दुसरी वाट घेतली, तुमचा पहिली घेईल. दोन्ही खेळ चांगले होतात. एकदा तर निजाम खेळणाऱ्याने तोफा अर्ध्या वाटेवर अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवून फौजेचे दोन भाग केले. त्याने तसं केलं तेव्हा मराठ्यांच्या बाजूचे सगळे गप्प झाले, कारण आता कुठल्या भागाच्या मागे लागायचं हा नवाच पेच त्यांच्यापुढे आला.

मैदानात तोफांसह उभ्या असलेल्या निजामावर मराठे थेट चालून गेले तर ते हरलेच पाहिजेत. तुमच्या टेबलांत तेच होतंय, ते बदलू नका. बाजीराव लढाई का टाळत होते ते खेळाडूला एकदा मार खाल्ल्यावरच पटतं.

दाणा, गवत आणि पाणी यांचे नियम मात्र साधे ठेवा. तुमच्या नियमपुस्तिकेत घोडे, बैल, उंट, हत्ती आणि माणसं यांच्या खुराकाचे वेगवेगळे तक्ते आहेत. ते पाहून मला १९७९ चा उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवरचा तो अमेरिकन खेळ आठवला. रिचर्ड बर्ग यांचा. पूर्ण खेळायला दीड हजार तास लागतात अशी त्याची ख्याती, आणि इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवायला जास्तीचं पाणी द्यायचा नियमही त्यात आहे. फार मेहनतीचं काम, मला त्याबद्दल आदर आहे, पण तो शेवटपर्यंत खेळलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. कुठलाही तक्ता ठेवण्याआधी विचारा: यामुळे खेळाडूला एखादा निर्णय घ्यावा लागतो का? लागत नसेल तर तो तक्ता काढा.

पुठ्ठ्याच्या काळ्या चकत्या घ्या. मोठी फौज एका हेक्समध्ये एक चाल राहिली की एक चकती, निजामाचा बुणग्यांसह पूर्ण तळ असेल तर दोन. तीन चकत्या झाल्या की हेक्स उजाड. उजाड हेक्समध्ये राहणाऱ्या फौजेची ताकद दर चालीला उतरते. वंजाऱ्यांचे बैल धान्य घेऊन येतील ती वाट मोकळी असेल तर निजामाला यातून सूट. मग ती वाट तोडायला मराठे कही (दाणावैरण गोळा करणाऱ्या टोळ्या) आणि रसदीवर घिरट्या घालतात, तिला जपायला निजाम तुकड्या पाठवतो, आणि छोट्या चकमकींना आपोआप कारण मिळतं. फेब्रुवारी लागला की नद्या आणि मोठे तलाव सोडून सगळे हेक्स कोरडे धरा. गोदावरीपासून दोन हेक्स दूर, चहूबाजूंनी मराठे, तोफा मागे. एवढं जमलं की पालखेड होतं. तिथे फासे टाकायची गरजही पडत नाही. दोन चाली पाणी मिळालं नाही की निजामाला तहाची बोलणी लावावी लागतात, आणि त्याची पत किती उरली आहे त्यावर तहाच्या अटी ठरतात. शाहू महाराजांचा हक्क मान्य करणं, चौथाई-सरदेशमुखी आणि थकलेली बाकी देणं, मराठ्यांच्या कमाविसदारांना (वसुली अधिकाऱ्यांना) परत बसवणं, या अटी प्रत्यक्षात मिळाल्या. संभाजींना शाहूंच्या हवाली करायला मात्र निजाम तयार झाला नाही. तुमच्या खेळात हीच अट शेवटच्या घासाघिशीची ठेवा, खूप रंगते.

नकाशाच्या मापाबद्दल थोडं. माहूर ते भडोच हे पूर्व-पश्चिम अंतर पाचशे-सव्वापाचशे किलोमीटर भरतं, आणि साताऱ्यापासून तापीच्या पलीकडपर्यंत दक्षिणोत्तर साडेचारशेच्या घरात. वीस किलोमीटरचा हेक्स घेतला तर सव्वीस बाय तेवीस, म्हणजे सहाशे हेक्सच्या आत काम भागतं. तुम्ही दहा किलोमीटरचा घेतलाय म्हणून अडीच हजारांच्या जवळ गेलात आणि निम्मे हेक्स कुणाच्या पायाखाली येतच नाहीत. काळ १ ऑक्टोबर ते ६ मार्च, १५८ दिवस (१७२८ चा फेब्रुवारी २९ दिवसांचा होता), पाच दिवसांची चाल म्हणजे बत्तीस चाली. अजिंठ्याची रांग आणि तिच्यातले घाट, गोदावरी आणि तापीचे उतार हेक्सच्या कडांवर ठळक काढा. नद्यांवर ऑक्टोबरमध्ये ठरावीक उतारांनाच ओलांडता येईल, डिसेंबरनंतर बहुतेक ठिकाणी. बाकी डोंगर, झाडी, गावं यांनी नकाशा भरू नका.

तारखांची एक काळजी घ्या. इंग्रजांनी आपलं कॅलेंडर १७५२ मध्ये बदललं, त्याआधीच्या तारखा आपल्या पुस्तकांत बऱ्याचदा जुन्या पद्धतीच्या असतात, नव्या पद्धतीपेक्षा अकरा दिवस मागे. वेगवेगळ्या पुस्तकांतून मुक्काम गोळा करताना हे मिसळलं की बाजीराव एकाच दिवशी दोन ठिकाणी दिसतात. तिथी दिलेली असेल तर तिथी पकडा. शिवाय तिथीवरून चांदणं कळतं, आणि रात्रीच्या कूचासाठी शुक्ल पक्षात एक हेक्स जास्त द्यायचा नियम फुकटात मिळतो.

साधनांसाठी पुण्याला जायची गरज नाही. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड मुंबईच्याच सरकारी छापखान्यात छापले गेले. दादरचं मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय किंवा टाउन हॉलमधली एशियाटिक यांच्यापासून सुरुवात करा. जुन्या मुंबई प्रांताचे अहमदनगर, नाशिक आणि खानदेशचे गॅझेटियरही काढा. त्यातली घाटांची आणि रस्त्यांची वर्णनं हेक्सच्या कडा ठरवायला फार कामी येतात. लिहिलेली सुमारे दीडशे वर्षांनंतरची असली तरी बैल कुठून चढतात ते तेवढ्यात बदललेलं नव्हतं.

मिनिएचरचं म्हणाल तर मोहिमेच्या नकाशावर नकोत. एक तर समोरच्याला फौज दिसते, म्हणजे लपवाछपवी गेली. दुसरं, सहाशे हेक्सवर शिपाई उभे केले की त्यांना हात लागून पडतात. जालन्याची चकमक किंवा रसदीवरचा एखादा छापा वेगळ्या टेबलावर मांडायचा असेल तर जरूर करा, सहा मिलिमीटरच्या मापाचे. थ्रीडी प्रिंटिंग करणारे आता शहरात पुष्कळ झालेत. मराठ्यांचं पागोटं, भाला आणि हलकी घोडी नीट यावीत, कारण बाहेर तयार मिळणारे बहुतेक साचे युरोपातल्या लढायांचे असतात आणि त्यांना रंग फासून ते पेशव्यांचे होत नाहीत.

नकाशा ठेवण्याचा प्रश्न मुंबईत सगळ्यात मोठा. वन-रूम-किचनमध्ये चार बाय साडेतीन फुटांचा नकाशा महिनाभर जमिनीवर कोण ठेवू देणार? आम्ही जीआय पत्र्यावर तो चिकटवून भिंतीवर टांगतो आणि काउंटरच्या पाठीला चुंबकी शीट लावतो. पंखा चालू असला, घरातली पोरं धावत गेली, तरी फौजा जागेवर राहतात, आणि घरच्यांनाही भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा चालतो. पत्र्याच्या कडा सुताराकडून लाकडी पट्टीत बसवून घ्या, हात कापतात. नकाशा मॅट व्हिनाइलवर छापा, चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटची तिरीप येऊन हेक्सचे आकडे दिसत नाहीत. काउंटरसाठी दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या कागदवाल्यांकडे मिळतो. छापलेला कागद दोन्ही बाजूंनी चिकटवा. एकाच बाजूने चिकटवलेले काउंटर जुलैच्या दमटात पापडासारखे वाकतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

काउंटरची संख्याही उतरवा. चारशे कशाला? मराठ्यांकडे बाजीरावांची मुख्य फौज आणि तीन-चार स्वतंत्र पथकं, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, उदाजी पवार यांची, शिवाय चिमाजींची फौज. निजामाकडे मुख्य तळ, जड तोफखाना, ऐवजखान, चंद्रसेन जाधव, रावरंभा निंबाळकर, शहरांतली शिबंदी. हुली, रसद आणि चकत्या धरून ऐंशी-नव्वदात बसतं. प्रत्येक सरदाराच्या काउंटरवर त्याची जहागीर कुठल्या हेक्सला आहे तेवढं मात्र छापा, पत उतरली की त्याचा उपयोग होणार आहे.

पुढच्या रविवारी खेळताना लढाईची टेबलं पिशवीतच ठेवा. फक्त दोन पट्ट्या, पत्रांचा उशीर, तोफांचे वेग आणि चकत्या एवढ्यावर पहिल्या बारा चाली खेळा, चकमक झालीच तर एक-एक फासा टाकून मिटवा. अंपायरने एवढंच टिपून ठेवावं की निजाम कितव्या चालीला औरंगाबादेतून निघाला आणि का निघाला. आठव्या चालीपर्यंत तो हलला नाही तर खंडणीने उतरणारी पत एकाची दीड करा. तिसऱ्याच चालीला घाबरून निघाला तर वीसच्या जागी चोवीसने सुरुवात करा. पुण्याला जायचा मोह त्याला होतच नसेल तर पुण्याचे तीन गुण चार करून बघा. हे तीन आकडे जुळले की मला वही पाठवा. मग बुऱ्हाणपूरच्या हुलीचा नियम आणि बाजीरावांच्या गुप्त बेतांची पानं, म्हणजे गुजरात, वऱ्हाड, बुऱ्हाणपूर, औरंगाबाद यांतलं कुठलं हे खेळाच्या सुरुवातीला पानं ओढून ठरवायचं, ते आपण पुढच्या वेळी बसवू.